माळेगावच्या यात्रेत कापडाचे पाल

नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर लोहा तालुक्यात माळेगाव आहे. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला येथे खंडोबाची यात्रा सुरू होते. घोडे, गाढवे, उंट आणि बैलांच्या खरेदी-विक्रीसाठी ही यात्रा दूरदूरच्या मुलखात मशहूर आहे. आमचे कापडाचे दुकान नांदेडला आहे; पण गेली पंचवीस वर्षे, यात्रा भरली त्या प्रत्येक साली आम्ही येथे पाल ठोकले आहे. आमचे तरुण व्यापारी बांधव विचारतात, चार-पाच दिवसांच्या थंडी-धुळीत काय मिळते? त्यांच्यासाठी आमचा अनुभव येथे मांडत आहोत.

आधी जनावर, मग कापड

यात्रेतील गिऱ्हाइकाचा पैसा खिशात नसतो, तो खुंट्याला बांधलेला असतो. लाल कंधारी किंवा देवणी बैलांची जोडी घेऊन आलेला शेतकरी पहिल्या दिवशी पालावर येतो, चादर हाताने चाचपतो, भाव विचारतो आणि निघून जातो. नवा दुकानदार येथेच घाबरतो आणि भाव पाडतो. तसे करू नये. तो माणूस परत येणार असतो. जनावरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून सौदा ठरतो आणि तो ठरला की एका सौद्यातून दोन गिऱ्हाइके तयार होतात. जनावर विकणारा घरासाठी साडी, चादर, फेटा घेतो. जनावर घेणारा त्याच घटकेला झूल, गोंडे आणि घुंगुरमाळ शोधतो. म्हणून झूल शिवणाऱ्या कारागिराचे पाल आम्ही नेहमी आपल्या शेजारी मागून घेतो. आमच्या ठाणातले उरलेले तुकडे त्याच्या कामाला येतात आणि त्याचे गिऱ्हाईक आमच्याकडे वळते. नालबंद, खोगीरवाले, मणियार, अत्तार, कल्हईवाले यांनाही हाच हिशेब लागू आहे. आपल्या धंद्याला पूरक असा शेजारी पाहूनच जागा घ्यावी.

माल कोणता न्यावा? यात्रा डिसेंबर-जानेवारीत येते. पंचांगात अधिक महिना असल्याने ती कधी उन्हाळ्यात जात नाही. म्हणून सोलापुरी चादरी, पानिपतची ब्लँकेटे, मफलर बेधडक भरावेत. उरुसाचे तसे नाही. कंधारच्या हाजी सय्याह दर्ग्याचा किंवा लातूरच्या सुरतशाहवली दर्ग्याचा उरूस चंद्राच्या महिन्यांवर चालतो, दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतो. एकेकाळी जेथे ब्लँकेट खपले तेथे काही वर्षांनी मलमलच खपते. लातूरची सिद्धेश्वर यात्रा महाशिवरात्रीला, म्हणजे थंडी ओसरताना. तेथे सुती साडी आणि लुंगी चालते. नाशिककडच्या मालेगावच्या मागावरचे कापड आम्ही नांदेडच्या माळेगावात विकतो. नावाची ही गंमत गिऱ्हाइकालाही आवडते.

नोटाबंदीचे साल

खरी कसोटी २०१६ साली लागली. ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा रद्द झाल्या आणि यात्रा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आली. जुन्या नोटा बँकेत भरण्याची मुदत ३० डिसेंबरला संपत होती. दोन हजाराची नवी नोट कुणाच्या हाती असली तरी सुटे कुठून आणावे? जनावरांचे सौदे अडले, तेव्हा कापड कोण घेणार? आम्ही माल भरून बसलो होतो आणि ठोक व्यापाऱ्याचे देणे संक्रांतीपर्यंत फेडायचे होते.

दोन दिवस बोहनीपुरताच धंदा झाला. तिसऱ्या दिवशी घरच्यांशी मसलत करून आम्ही ठरवले, ओळखीच्या गिऱ्हाइकाला माल उधार द्यायचा. नाव, गाव आणि जामीन राहणारा एक माणूस एवढे वहीत लिहून घ्यायचे. भाव रोखीचाच, वर एक पैसा नाही. ३१ जणांची नावे वहीत चढली. संक्रांतीला ठोक व्यापारी थांबायला तयार नव्हता, तेव्हा घरातला एक दागिना मोडून त्याचे देणे दिले. घरात त्यावरून बोलणेही झाले, हे खरे.

पुढच्या यात्रेपर्यंत २७ जणांनी पैसे आणून दिले. त्यातल्या एकाचे मधल्या काळात निधन झाले होते. त्याचा मुलगा वडिलांच्या नावावरची रक्कम घेऊन आला आणि वहीतले नाव आपल्या डोळ्यांसमोर खोडायला लावले. चौघांचे पैसे बुडाले. पण त्या २७ जणांनी आपले सोयरे आणि शेजारी आमच्या पालावर आणले, ते आजही येतात. मोडलेला दागिना दोन वर्षांत परत घडवला.

एक सावधगिरी

यात्रेत नाना तऱ्हेचे लोक येतात. कुणी हरणाचे शिंग, कातडे विकायला किंवा उधारीच्या बदल्यात गहाण ठेवायला आणतो. आपल्या भागात काळविटांचे कळप शेतात फिरतात, त्यामुळे काहींना हा साधा व्यवहार वाटतो. तो नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट आणि चिंकारा यांना मारणे, त्यांचे शिंग-कातडे विकणे किंवा बाळगणे हा गुन्हा आहे. असली वस्तू घटकाभर सांभाळायलासुद्धा पालात ठेवून घेऊ नये.

आता मोबाईलवरून पैसे देणारे गिऱ्हाईक वाढले आहे. तरी गर्दीत फोन लागत नाही, म्हणून सुटे पैसे आणि वही दोन्ही जवळ असावीत. शेवटच्या दिवशी पाल लवकर उतरवू नये. परतीच्या वाटेवरचे गिऱ्हाईक सगळ्यात पक्के असते. आणि मापात, भावात चोख राहावे. माळेगावचे गिऱ्हाईक वर्षातून एकदाच येते, पण सालभर आपले नाव गावोगाव सांगत फिरते. धंद्यातली बरकत त्यातूनच येते.