बोझोलेचें द्राक्षासव आणि धाराशिवचा रस्सा

फ्रान्समध्यें लियों शहराच्या उत्तरेस बोझोले हा डोंगराळ टापू आहे. तेथील तांबडें द्राक्षासव गामे जातीच्या द्राक्षापासून होतें. १३९५ सालीं बर्गंडीच्या फिलिप ड्यूकनें हें द्राक्ष हीन ठरवून आपल्या मुलखांतून हद्दपार केलें. दक्षिणेकडील बोझोलेच्या खडकाळ जमिनींत मात्र तें रुजलें.

द्राक्षाच्या सालींत व बियांत तुरट द्रव्य असतें. भाजलेल्या, चरबीदार मांसाबरोबर तें शोभतें. परंतु धाराशिवकडील काळ्या मसाल्याचा झणझणीत मटणाचा रस्सा व भाकरी पानांत असतां तोच तुरटपणा आणि मद्यार्क मिरचीची आग अधिकच भडकवितात. गामेच्या आसवांत तुरटपणा थोडा, फळांचा स्वाद पुष्कळ. शिवाय तें किंचित् गार करून घेतां येतें. म्हणून अशा पानाशीं त्याचेंच जुळतें.

जिल्ह्याचें नांव २०२३ सालीं बदललें, तरी कोरड्या माळावर निभावणारी काळी शेळी ‘उस्मानाबादी’च राहिली. तिचें मटण रश्श्याऐवजीं कमी तिखटांत, निखाऱ्यावर भाजलें, तर अधिक तुरट आसवही चालेल. तात्पर्य, आसवाची निवड किंमतीवरून करूं नये. पानांतील तिखटावरून करावी.