कंबर सावरली की हात मोकळा होतो

रोवणीच्या दिवसांत भंडारा जिल्ह्यातल्या गावांत दुपारी घरे रिकामी असतात. बायामाणसे बांधीत उतरलेली, घरी म्हातारी माणसे आणि लहान मुले. त्यातल्या ज्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे, ज्याला अजून बसता येत नाही, ते बाजेवर उताणे पडून असते. ‘आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला आणा’ असे त्याच्या आईला नागपूरच्या दवाखान्यात सांगितलेले असते. भंडारा शहरापासून नागपूर साठेक किलोमीटर, लाखांदूरकडून शंभराच्या घरात. एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते, तीही हंगामातली. सल्ला वाईट नसतो. तो पाळणे परवडत नाही, आणि बोल मात्र आईला लागतो. गेल्या दोन-तीन दशकांत या मुलांच्या व्यायामोपचाराबद्दलची समज जगभर बदलली आहे, आणि ती नेमकी या आईच्या बाजूने बदलली आहे. भंडाऱ्यात ती अजून पुरेशी पोचलेली नाही.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे गर्भात, जन्मताना किंवा अगदी लहानपणी मेंदूला झालेली इजा. बाळ उशिरा रडते, फार कमी दिवसांचे जन्मते, कावीळ मेंदूपर्यंत चढते, मेंदूज्वर होतो, कारणे अनेक. हजार जन्मांमागे साधारण दोन-तीन मुलांत ही अवस्था आढळते. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढते, आणि खरी अडचण तिथे सुरू होते. हाड लांब होते, ताठरलेला स्नायू त्या वेगाने लांबत नाही. टाच उचलली जाते, गुडघे वाकून राहतात, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी १८६२ मध्ये अशा मुलांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, म्हणून बराच काळ याला ‘लिटलचा आजार’ म्हणत. उपचारांवर मोठा ठसा उमटवला तो बर्टा आणि कारेल बोबाथ या दांपत्याने. नाझी राजवटीमुळे मायदेश सोडून लंडनला आलेले हे दोघे. तोवर ही मुले पट्ट्या-कॅलिपरमध्ये जखडली जात; बोबाथांनी त्यांना हातात घेतले, त्यांच्या हालचालीकडे नीट पाहिले. आपल्याकडे मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली आणि व्यायाम, वाचा व शाळा एका छपराखाली आणल्या. त्याआधी मुलगी मालिनीसाठी त्यांनी दारोदार फिरून पाहिले होते. हे ऋण मोठे आहे.

पण थेरपिस्टच्या हातांनी मूल हलवले जात असताना मुलाचा मेंदू फारसे शिकत नाही, हे पुढे संशोधनातून दिसत गेले. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये सगळ्या उपचारांचा पुरावा पारखून मांडला; २०२२ मध्ये याच विषयावरचे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आले. त्यातले सांगणे सरळ आहे. मुलाला आणि घराला हवे ते एक काम ठरवा, ते काम पूर्ण स्वरूपात, मुलाच्या स्वतःच्या हालचालीने, जिथे ते करायचे आहे तिथेच, पुष्कळदा करून घ्या. नुसते पाय ताणणे आणि मालिश यांनी बसता येत नाही. आजीच्या मालिशीतली माया मुलाला हवीच, पण बसणे शिकायला बसावेच लागते.

लाखनी-साकोलीकडच्या घरात हे कसे करता येईल, ते पाहू. तणसाने घट्ट भरलेले पोते गोल शिवले की लोड तयार. मुलाला त्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसवायचे. मांड्या फाकतात, कात्री सुटते. तळपाय पुरते टेकले पाहिजेत, टेकत नसतील तर खाली पाट द्यायचा. आईने मागे बसून कमरेखाली, कुल्ल्याच्या हाडांपाशी धरायचे. काखेत धरले की मूल अंग टाकून देते. समोर बेताच्या उंचीचे स्टूल, त्यावर मुरमुऱ्यांची वाटी. गिळताना ठसका लागणारे मूल असेल तर वाटीत खेळणे. कंबर सावरली की हात मोकळा होतो. तो वाटीकडे जातो, वाटी कलंडते, मूठ उघडायला वेळ लागतो. त्या वेळात आपण मुरमुरा उचलून त्याच्या तोंडात न घालणे, हे घरच्यांना सगळ्यात जड जाते. पण शिकणे त्याच वेळात घडते.

हे सगळ्या मुलांना सारखे लागू नाही. कॅनडात १९९७ मध्ये या मुलांच्या हालचालीच्या पाच पातळ्या ठरवल्या गेल्या. पहिल्या पातळीचे मूल चालते-धावते. पाचव्या पातळीच्या मुलाला मान धरायलाही आधार लागतो. २००२ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले की बसण्या-चालण्याची जी क्षमता मूल गाठणार असते, तिचा नव्वद टक्के भाग सौम्य मुलांत पाचव्या वर्षाच्या आसपास आणि सर्वांत गंभीर मुलांत तीन वर्षांच्या आतच येऊन जातो. म्हणून ‘अजून लहान आहे, चालेल हळूहळू’ हे वाक्य मला फार महाग वाटते. मात्र गंभीर मुलाच्या आईला ‘व्यायाम करा, चालेल’ असे सांगणेही अन्यायच आहे. त्याला नीट आधाराची खुर्ची, उभे राहण्याची चौकट, झोपताना पायांत उशी आणि न दुखणारे शरीर हवे.

दुखण्याचे मोठे मूळ खुब्यात असते. सेरेब्रल पाल्सीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या मुलांत खुब्याचा सांधा उखळीतून सरकू लागतो. पाचव्या पातळीत दहातल्या नऊ मुलांत. सुरुवातीला ते वरून दिसत नाही, एक्स-रेत दिसते. दक्षिण स्वीडनने १९९४ पासून अशा प्रत्येक मुलाची नोंद ठेवून ठरावीक काळाने एक्स-रे काढले, वेळेवर शस्त्रक्रिया केल्या, आणि तिथे खुबा निखळणे जवळपास थांबले. यात न परवडणारे काहीच नाही. एक्स-रे यंत्र तालुक्याच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात असते. नोंदवही ठेवणारा माणूस आणि तो एक्स-रे मोजणारा डॉक्टर लागतो.

यंत्रणा कागदावर आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघरला सुरू झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा जातात आणि जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्र असणे त्यात अपेक्षित आहे. २०१६ च्या कायद्याने सेरेब्रल पाल्सीला दिव्यांगत्वाच्या यादीत नाव मिळाले. ‘निरामय’ विम्यात एक लाखापर्यंतच्या उपचारांत थेरपीही बसते. पण बरीच कुटुंबे या सगळ्याला शिबिरातूनच भेटतात. शिबिरात खुर्ची मिळते, ती मापाची नसते, आणि वर्षभरात ओसरीत कपडे वाळत घालायला लागते.

भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे आग लागून दहा बाळे गेली. त्यानंतर अग्निसुरक्षेचा प्रश्न राज्यभर ऐरणीवर आला, आणि तो यायलाच हवा होता. माझा आग्रह त्याच्या पुढच्या पायरीचा आहे. अशा कक्षांतून वाचून घरी जाणाऱ्या कमी वजनाच्या, गुदमरलेल्या, कावीळ झालेल्या बाळांतच सेरेब्रल पाल्सीचा धोका जास्त असतो. त्यांची यादी रुग्णालयाकडे असतेच. ती आशाताईंच्या हाती पडली, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात प्रत्येक बाळाची हालचाल जाणकार डोळ्यांनी पाहिली गेली, तर निदानासाठी दुसऱ्या वाढदिवसापर्यंत थांबावे लागणार नाही. आणि जिल्हा नियोजन समितीने साती तालुक्यांत फिजिओथेरपिस्टच्या गृहभेटींसाठी गाडी आणि प्रवासभत्त्याची तरतूद केली, महिन्याला एक भेट जरी ठरली, तरी रोवणीच्या महिन्यात नागपूरची फेरी टळेल आणि तणसाचा लोड नीट शिवला आहे की नाही, हे कुणीतरी घरी येऊन पाहील.