डबीची मागची बाजू

क्रीम घेताना आपण डबीची पुढची बाजू पाहतो. वाचायला हवी ती मागची. तिथे घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. महागड्या क्रीममध्येही वरच्या ओळीत बहुधा पाणी आणि ग्लिसरीनच सापडतं. ज्या केशराच्या नावावर किंमत चढते, ते बऱ्याचदा यादीच्या तळाशी, सुगंधाच्या शेजारी असतं. कोरड्या त्वचेला मुख्यतः दोन गोष्टी लागतात: पाणी धरून ठेवणारं काहीतरी आणि ते उडू न देणारा थर. पहिलं काम ग्लिसरीन करतं, दुसरं पेट्रोलियम जेली. जेलीचं पेटंट १८७२चं आहे, पण पाणी अडवण्यात तिच्यापुढे जाणारं आजही फारसं काही नाही. आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच लावली तर थोडीशीच पुरते.

स्वस्तात धोका असतो, हा आक्षेप खोटा नाही. पण धोका किमतीत नसून घटकांत आहे. गोरं होण्यासाठी औषधाच्या दुकानातून सर्रास नेल्या जाणाऱ्या काही ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन लिहिलेलं असतं. ही स्टेरॉइडं. डॉक्टरांना न विचारता चेहऱ्यावर महिनोन्‌महिने चोळली, तर त्वचा पातळ होते, लाल पडते, पुरळ उठतं. सनस्क्रीनचं म्हणाल, तर एसपीएफ ३० नीट लावल्यास सुमारे ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं, ५० सुमारे ९८. एवढ्या फरकासाठी महागडी बाटली आणून ती पुरवून पुरवून वापरण्यापेक्षा, ब्रॉड स्पेक्ट्रम लिहिलेलं स्वस्तातलं ३० चेहऱ्या-मानेला दोन बोटं भरून लावावं आणि उन्हात असाल तर दर दोन तासांनी पुन्हा.