गिटारवादनातील लय

गिटार या तंतुवाद्याच्या वादनातील कालविषयक अंग. स्वर केव्हा सुरू व्हावा, किती काळ टिकावा आणि नेमका केव्हा थांबावा, या तिन्हींचे नियमन त्यात येते. भारतीय संगीतात लय हा शब्द दोन मात्रांमधील समान अंतर व त्यावरून ठरणारी गती या अर्थाने वापरतात. गिटारच्या संदर्भात त्यात आघाताची अचूक वेळ, आघातांचे बलाबल आणि विराम यांचाही समावेश करावा लागतो. पडद्यांवर फिरणाऱ्या बोटांची चपळाई श्रोत्यांच्या नजरेत लगेच भरते. परंतु वादकाचे कौशल्य मुख्यत्वे लयीवरील प्रभुत्वावरून ठरते. याचे कारण वाद्याच्या ध्वनीतच आहे.

ध्वनीचे स्वरूप : व्हायोलिनचा गज किंवा बासरीतील फुंक यांच्या साहाय्याने सुरू झालेला स्वर लांबविता व वाढविता येतो. गिटारची तार छेडली, की ध्वनी क्षणार्धात आपल्या कमाल पातळीस पोहोचतो व लागलीच क्षीण होऊ लागतो. साध्या गिटारवर हा ऱ्हास वादकास रोखता येत नाही. आघाताचा क्षण व स्वर मिटविण्याचा क्षण हेच प्रामुख्याने त्याच्या हाती असतात. शिवाय आघाताचा आरंभ अत्यंत स्पष्ट असल्यामुळे तो किंचित पुढेमागे झाला, तरी कानास खटकतो. मिनिटास १२० मात्रांच्या गतीत एक मात्रा ०·५ सेकंदाची व तिचा चतुर्थांश ०·१२५ सेकंदाचा होतो. चौपट लयीत वाजविताना ०·०३ सेकंदाची चूक म्हणजे त्या चतुर्थांशाचा जवळजवळ पाव भाग होय. एखादा चुकीचा स्वर ओघात निघून जातो. चुकलेली वेळ मात्र सहवादकांना व नर्तकांना अडखळविते.

या मर्यादेतूनच काही तंत्रे निर्माण झाली. स्पॅनिश वादक व रचनाकार फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) याच्या ‘रेकुएर्दोस दे ला आलांब्रा’ या रचनेत अंगठा मंद्र स्वर वाजवितो आणि अनामिका, मध्यमा व तर्जनी एकच तार पाठोपाठ छेडतात. हे आघात समान अंतराने पडले, तरच अखंड स्वराचा भास होतो. एका बोटास जरा उशीर झाला, की तो भास मोडून सुटे आघात ऐकू येऊ लागतात.

फ्लामेंको : दक्षिण स्पेनमधील आंदालुसिया प्रदेशाच्या या संगीतात लयीच्या आवर्तनास ‘कोंपास’ म्हणतात. ‘सोलेआ’ या प्रकाराचे आवर्तन १२ मात्रांचे असून ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर जोर येतो. भारतीय एकतालही १२ मात्रांचाच. पण त्याचे विभाग दोन-दोन मात्रांचे असतात. सोलेआमध्ये तीन-तीन व दोन-दोन मात्रांचे गट एकापुढे एक येतात आणि स्वरवाक्याची सांगता बहुधा दहाव्या मात्रेवर होते. पहिल्या मात्रेवरील समेची सवय झालेल्या श्रोत्यास हे प्रथम चमत्कारिक वाटते. ‘बुलेरिया’ हा १२ मात्रांचाच प्रकार अतिशय द्रुत गतीचा असतो. बोटे एकामागून एक तारांवर झटकणे (रासगेआदो) व वाद्याच्या वरच्या फळीवर बोटाने ठोका देणे (गोल्पे) या क्रियांमुळे गिटार जणू तालवाद्यच बनते. पाको दे लुसीआ (१९४७–२०१४) याच्या विलक्षण वेगवान वादनातही कोंपासची चौकट ढळत नाही. या परंपरेत गिटारवादक गायन व नृत्य यांची साथ करीत तयार होतो. त्यामुळे त्याची लय इतरांच्या पावलांवर व टाळ्यांवर पारखली जाते.

जाझ व फंक : अमेरिकन वादक फ्रेडी ग्रीन (१९११–८७) हा १९३७ मध्ये काउंट बेसीच्या वाद्यवृंदात दाखल झाला व मृत्यूपर्यंत त्यात राहिला. एकलवादन तो क्वचितच करी. चार मात्रांच्या प्रत्येक खंडात चार आघात, ध्वनिवर्धकाविना, हे त्याचे काम होते. पुष्कळदा तो स्वरसमूहातील एखाददुसराच स्वर स्पष्ट उमटू देई व उरलेल्या तारा दाबून ठेवी. श्रोत्यास गिटार वेगळी ऐकू येत नसे. मात्र त्या आघातांवर सर्व वृंदाचा डोलारा उभा असे. जेम्स ब्राउनचा साथीदार जिमी नोलन (१९३४–८३) याने तारांवरील दाब झटकन सैल करून स्वर तोडण्याची शैली रूढ केली. १९६५ चे ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ हे तिचे प्रसिद्ध उदाहरण होय. आघाताइतकीच त्यानंतरची निःशब्दताही लय घडविते, हे या शैलीतून स्पष्ट होते.

भारतीय पद्धती : हिंदुस्थानी संगीतात गिटार आडवी ठेवून तारांवर धातूची कांडी फिरवून वाजवितात. ब्रिजभूषण काबरा (१९३७–२०१८) व विश्वमोहन भट्ट यांच्या वादनाने ही पद्धती प्रतिष्ठित झाली. आलापात ताल नसतो, जोडात लय उमटू लागते आणि झाल्यात चिकारीच्या तारांवरील आघात ती दाट करतात. गतीमध्ये तबल्याच्या आवर्तनाशी खेळून समेवर येणे ही वादकाची खरी कसोटी असते.

अभ्यास : नवशिक्या वादकाची सर्वसामान्य उणीव म्हणजे स्वरसमूह बदलताना छेडणारा हात थांबणे. यासाठी तारेस स्पर्श नसतानाही तो हात लंबकाप्रमाणे खालीवर चालू ठेवावयास शिकवितात. योहान मेल्त्सेल याने १८१५ मध्ये पेटंट घेतलेल्या मेट्रोनोम या लयमापकाचा उपयोग विलंबित गतीच्या सरावासाठी होतो. पुढे यंत्राचे ठोके दोन किंवा चार मात्रांतून एकदाच ठेवतात, म्हणजे मधले अंतर वादकास स्वतःच मोजावे लागते.

यंत्रवत् अचूकता हे मात्र या अभ्यासाचे साध्य नव्हे. अभिजात वादनात वाक्य किंचित लांबविले जाते, तर जाझमध्ये स्वर हेतुपुरस्सर थोडा मागे ठेवतात. असा विलंब मात्रेचे नेमके स्थान ज्याच्या मनात पक्के असते त्यालाच साधतो. इतरांच्या बाबतीत तो केवळ दोष ठरतो.