रश्शाला दूध कशाला? दूध पेल्यात, दाणे रश्शात



दिघा, रबाळे, तुर्भे स्टोअर अशा वस्त्यांमध्ये महिलांच्या बैठका घेताना आहाराचा विषय निघाला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. 'पाहुणे येणार आहेत, हॉटेलसारखी ग्रेव्ही करायची आहे, पण घरात दूध अर्धा लिटरच आहे. ते भाजीत घालायचे की मुलांना ठेवायचे?' कोणी म्हणते, दुधाने पोट बिघडते, मग ग्रेव्हीत काय घालू? कोणी म्हणते, दूध घातले की भाजी फाटते. प्रश्न स्वयंपाकाचा वाटतो, पण त्यात मुलांचे पोषण, घरखर्च आणि आपला मान या तिन्ही गोष्टी आहेत. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर याच विषयावर बोलू.

रश्शात दूध काय काम करते?

दुधामुळे रश्शाला पांढरट रंग येतो, तिखट थोडे मऊ लागते आणि दुधातल्या स्निग्धांशामुळे चव येते. पण रस्सा दाट होतो तो मुख्यतः दुधाने नाही. दूध म्हणजे बहुतांश पाणीच. दाटपणा येतो पिठातल्या स्टार्चने किंवा बारीक वाटलेल्या दाण्याने, तिळाने, खोबऱ्याने. अमेरिकेच्या दक्षिण भागात एक साधी पांढरी ग्रेव्ही घरोघरी करतात. मांस तळून उरलेल्या चरबीत मैदा भाजायचा आणि वरून दूध ओतायचे. तिथेही दाटपणा मैद्याचाच असतो. दुधाऐवजी मटणाचे पाणी घातले तरी ती ग्रेव्ही दाट होते, फक्त रंग आणि चव बदलते.

भाजी फाटते तीही एका साध्या कारणाने. टोमॅटो, चिंच, आमसूल यांच्या आंबटपणामुळे दुधातली प्रथिने एकत्र गोळा होतात आणि पाणी सुटते. पनीर करताना लिंबू पिळतो, तेव्हा हेच घडते. म्हणजे आंबट रश्शात दूध ओतले की ते वाया जाण्याची शक्यता जास्त. दाण्याचा कूट किंवा पीठ असे फाटत नाही.

आपल्या चुलीवरचे उत्तर

आपल्यापैकी अनेकांचे आईवडील मराठवाड्यातून, विदर्भातून इथे आले. मराठवाड्यातल्या माणसाला येसर सांगावे लागत नाही. बाजरी किंवा ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धने आणि थोडा खडा मसाला भाजून जाडसर दळायचा, डब्यात भरून ठेवायचा आणि आमटीला लावायचा. घराघरात प्रमाण वेगळे, पण काम एकच. दूध नाही, काजू नाही, तरी रस्सा दाट आणि पोटभरीचा. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजांच्या खाण्यापिण्याची नोंद केली आहे. ज्या अन्नाला कोणी पाककृतीच्या पुस्तकात जागा दिली नव्हती, ते अन्न किती विचाराने शिजत होते हे त्यातून समजते.

इथे मानाचाही प्रश्न आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची घटना सांगितली आहे. तीर्थयात्रेहून परतलेल्या एका अस्पृश्य माणसाने आपल्या लोकांना जेवण दिले आणि त्यात तूप वाढले. अस्पृश्यांनी तूप खावे हा अपमान समजून सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली आणि जेवणाऱ्यांना मारहाण केली. दूध-तूप आपल्या ताटात येऊ नये म्हणून लाठ्या चालल्या, हा इतिहास आहे. म्हणून पाहुण्यांसमोर पांढरी ग्रेव्ही ठेवावीशी वाटते, यात चूक काहीच नाही. आपण काय खावे हे आता दुसरे कोणी ठरवणार नाही. पण आपण ठरवायचे ते दिखाव्यासाठी नाही, विचार करून. घरात दूध कमी असेल तर त्याचा पहिला हक्क घरातल्या लेकरांचा आणि गरोदर बाईचा.

दुधाऐवजी काय, किती आणि कसे?

खालचे प्रमाण चार-पाच जणांच्या रश्शासाठी, म्हणजे साधारण पाऊण लिटर पाण्यासाठी आहे. चमचा म्हणजे पोह्याचा चमचा.

शेंगदाणे : भाजून, सोलून केलेला कूट चार चमचे. मसाला तेलात परतून झाला की कूट घालावा, मिनिटभर हलवावे आणि गरम पाणी ओतावे. पांढरी ग्रेव्ही हवी असेल तर पाव वाटी कच्चे दाणे गरम पाण्यात दोन तास भिजवून साल काढावी आणि पाणी घालून अगदी गंधासारखे बारीक वाटावे. हे वाटण घातल्यावर रस्सा मंद आचेवर दहा मिनिटे उकळावा, म्हणजे कच्चा वास जातो.

मगज : हॉटेलातल्या पांढऱ्या ग्रेव्हीत बरेचदा मगज, म्हणजे सोललेल्या कलिंगड-खरबुजाच्या बिया असतात. मसाल्याच्या दुकानात सुट्या मिळतात. दोन चमचे भिजवून वाटल्या की काजूची गरज राहत नाही.

तीळ : दोन चमचे कोरडे भाजून वाटावेत. जास्त भाजले तर कडवट होतात. वांगी, दोडका, शेवग्याच्या शेंगा यांच्या रश्शाला छान.

बेसन, बाजरीचे पीठ किंवा येसर : दोन चमचे. पीठ आधी कोरडे भाजून घ्यावे, थंड पाण्यात कालवावे आणि मगच उकळत्या रश्शात हलवत सोडावे. थेट टाकले तर गुठळ्या होतात. पिठाचा रस्सा थंड झाला की आणखी दाट होतो, म्हणून उतरवताना थोडा पातळच ठेवावा.

शिजलेली तूरडाळ किंवा मसूरडाळ : अर्धी वाटी घोटून घालावी. साखरेचा आजार असलेल्यांसाठी मैदा किंवा कॉर्नफ्लोअरपेक्षा डाळ कधीही बरी.

खोबरे : सुके खोबरे भाजून वाटावे किंवा ओल्या नारळाचे दूध घालावे. चव उत्तम, पण त्यात प्रथिने फार कमी आणि घट्ट चरबी जास्त. रोज नको. नारळाचे दूध शेवटी घालावे आणि मग खळखळून उकळू नये.

दही घालायचे असेल तर एक चमचा बेसन घालून चांगले घुसळावे, आच मंद ठेवावी आणि सतत हलवावे, म्हणजे फाटत नाही.

दाण्याने दुधाची जागा भरते का?

रश्शात भरते, पेल्यात नाही. एक पेला, म्हणजे २०० मिली दुधातून सुमारे ६ ते ७ ग्रॅम प्रथिने मिळतात. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांतूनही साधारण तेवढीच मिळतात. म्हणजे दाण्याचा रस्सा कुठेही हलका नाही. पण त्याच पेल्यातून सुमारे २४० मिलीग्रॅम कॅल्शियम मिळते, दाण्यातून ते फारच कमी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलीग्रॅम आणि अंगावर पाजणाऱ्या आईला १२०० मिलीग्रॅम कॅल्शियम लागते. शिवाय जीवनसत्त्व बी-१२ दुधात, अंड्यात, मासळीत, मटणात असते. दाण्यात, तिळात, नारळात नसते.

म्हणून ज्यांना दूध परवडत नाही किंवा सोसत नाही त्यांनी नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला, काट्यासकट खाता येणारी छोटी सुकी मासळी, अंडी यांचा आधार घ्यावा. मांसाहार आणि दूध दोन्ही सोडले असेल तर बी-१२ ची तपासणी करून घ्यावी. हातापायाला मुंग्या येणे, सतत थकवा, जीभ लाल होणे ही त्याच्या कमतरतेची लक्षणे असू शकतात.

एक गोष्ट ठासून सांगतो. सहा महिन्यांपर्यंत बाळाला फक्त आईचे दूध. त्यानंतर वरचे अन्न सुरू करावे, आईचे दूध चालू ठेवावे. शेंगदाण्याचे किंवा नारळाचे पाणीदार 'दूध' बाळाला आईच्या दुधाच्या जागी कधीही देऊ नये. चहात घालायची दुधाची पावडरही नको. त्यातल्या अनेक पावडरींत साखर मिसळलेली असते.

दूध सोसत नाही म्हणजे काय?

दुधातली साखर पचवायला आतड्यात एक पाचक रस लागतो. लहानपण सरले की अनेकांमध्ये तो कमी होतो. आपल्या देशात असे लोक खूप आहेत. दूध घेतल्यावर काही तासांत पोट फुगते, गुरगुरते, जुलाब होतात. यात लाज नाही आणि हा संसर्गही नाही. दूध रश्शात उकळले म्हणून ही साखर नाहीशी होत नाही. अशा अनेकांना ताक किंवा घट्ट दही मात्र चालते.

दुधाची अ‍ॅलर्जी वेगळी. त्यात अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात, कधी श्वास अडकतो. तिथे दही-पनीरही बंद. श्वासाला त्रास झाला तर घरगुती उपाय न करता सरळ दवाखाना गाठावा. शेंगदाणे आणि तिळाचीही काहींना अशीच अ‍ॅलर्जी असते. म्हणून सामुदायिक भोजनात रश्शात काय आहे ते वाढतानाच सांगावे.

पावसाळा आणि मोठी पातेली

नवी मुंबईच्या दमट हवेत दाण्यांना लवकर बुरशी लागते. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि घरच्या भाजण्या-उकळण्याने ते पूर्ण जात नाही. म्हणून काळे पडलेले, सुरकुतलेले, कडू, कुबट वासाचे दाणे स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत. बुरशी झटकून दाणे वापरू नयेत, फेकावेत. कूट आठवड्यापुरताच करावा आणि कोरड्या घट्ट डब्यात ठेवावा.

वैशाख पौर्णिमेला विहारात जेवण असते तेव्हा मे महिन्याची उष्णता असते. दूध, दही किंवा ओले खोबरे घातलेला रस्सा अशा वेळी लवकर आंबतो. मोठ्या पातेल्यासाठी बेसन, येसर किंवा भाजलेल्या दाण्याचा रस्सा बरा. तरीही तो शिजल्यावर दोन तासांच्या आत वाढून संपवावा, तोवर गरम ठेवावा.

सुनेने पाहुण्यांच्या भाजीत दूध घातले नाही म्हणून तिला कोणी बोल लावू नये. तेच दूध तिच्या पोटातल्या बाळासाठी लागणार असेल. पुढच्या वेळी पातेले चुलीवर ठेवण्याआधी घरात आज दूध कोणी प्यायचे राहिले आहे ते पाहा. त्याचा पेला आधी भरा आणि रश्शाला दाणे लावा.

जयभीम! नमो बुद्धाय!