तायी, ताई आणि संध्याकाळचे तीन तास

सामुदायिक आरोग्याच्या विचारात मूल एकटे मोजले जात नाही; त्याचे घर, घराभोवतीची वस्ती, तिथले पाणी, मोठ्यांची मिळकत आणि शेजार यांचा त्याच्या प्रकृतीशी असलेला संबंध या शाखेत तपासला जातो, आणि म्हणूनच मृत्यू, घटस्फोट, परित्याग किंवा स्वतःचा निर्णय यांपैकी कोणत्याही कारणाने एकट्याने मूल वाढवणाऱ्या एकल पालकाचे घर हा तिच्या अभ्यासाचा विषय ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या महिलाविषयक संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतातील ४.५ टक्के, म्हणजे सुमारे १ कोटी ३० लाख कुटुंबे एकट्या आईच्या आधारावर चालतात, आणि दोन्ही पालक असलेल्या घरांत दारिद्र्याचे प्रमाण २२.६ टक्के असताना या घरांत ते ३८ टक्के आहे. सारा मॅक्लॅनहन आणि गॅरी सँडेफर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले होते की, अशा मुलांच्या वाट्याला येणाऱ्या तोट्यातील जवळपास निम्मा वाटा कमी उत्पन्नाचा असतो. वडील घरात नाहीत म्हणून मूल बिघडते, हे आपल्याकडचे लाडके अनुमान त्यापुढे फारसे टिकत नाही.

बंगळुरूच्या कोरमंगलापासून इब्लूर, दोम्मसंद्र करीत आनेकल तालुक्यातील सर्जापूर गावापर्यंत जाणाऱ्या सर्जापूर रोडवर हा प्रश्न पैशाइतकाच वेळेचाही आहे. या रस्त्याच्या दोन्ही अंगांना उंच गृहसंकुले आहेत, आणि त्यांच्या आडोशाला, ती बांधणाऱ्यांच्या व तिथे धुणीभांडी करणाऱ्यांच्या पत्र्याच्या खोल्या आहेत. अंगणवाडी साधारण चारच्या सुमारास सुटते. संध्याकाळच्या स्वयंपाकाची कामे धरलेली बाई सातच्या आधी खोलीवर पोहोचत नाही. मधले तीन तास मूल कोणाकडे असते, याची नोंद कोणत्याही रजिस्टरात होत नाही. कर्नाटकात गरोदर स्त्रीला मिळणाऱ्या आरोग्यपत्रकाला ‘तायी कार्ड’ म्हणतात. कन्नडमध्ये तायी म्हणजे आई, तर मराठीत ताई म्हणजे थोरली बहीण, आणि या खोल्यांमधून चार ते सात या वेळात तायीचे काम बहुधा ताईच करत असते, जी स्वतः नऊ-दहा वर्षांची असते. अशा घरात एकटा बापच असेल, तर आईच्या नावाने रचलेल्या अशा कागदपत्रांत त्याला रकानाच सापडत नाही, हेही जाता जाता नोंदवायला हवे.

या तासांत मुलाला कोण भरवते, हाही प्रश्न आहे. कुपोषण ओळखण्याचे सर्वांत साधे साधन म्हणजे दंडघेर मोजण्याची पट्टी. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाच्या डाव्या दंडाच्या मध्यावर ती गुंडाळतात, घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरला तर पट्टीचा लाल भाग दिसतो आणि ते तीव्र कुपोषण मानले जाते, १२.५ पर्यंत पिवळा, त्यापुढे हिरवा. पिवळ्यातले मूल लालमध्ये जाऊ नये यासाठी त्याला दिवसातून अनेकदा थोडेथोडे भरवावे लागते, आणि ते भरवायला कोणीतरी घरी असावे लागते. पट्टीला मात्र फक्त दंड मोजता येतो.

आई कामावर असताना मुलाला कोण सांभाळणार, या प्रश्नाची कायद्याने दखल घेतलेली नाही असे नाही. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्यानुसार पन्नासहून अधिक स्त्रिया कामावर असतील तिथे सहा वर्षांखालील मुलांसाठी खोली ठेवणे बंधनकारक होते. पण बायका वेगवेगळ्या मुकादमांच्या हजेरीपटांवर विखुरलेल्या असल्या की पन्नासचा आकडा कागदावर भरतच नसे. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने पन्नास कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेवर पाळणाघराची सक्ती केली, तिचा लाभ याच रस्त्यावरच्या संगणक कंपन्यांतील एकट्या आईला होऊ शकतो, तिच्या घरी झाडू-पोछा करणाऱ्या एकट्या आईला नाही. केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत विधवा, घटस्फोटित वा परित्यक्ता आईच्या मुलासाठी दरमहा ४,००० रुपयांची तरतूद आहे, मात्र शहरात कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ९६,००० रुपयांच्या आत असावे लागते. महिन्याचा हिशेब केला तर हे ८,००० रुपये होतात. खोलीचे भाडे भागवण्यासाठी आणखी एक घर धरणारी बाई त्या एका घरामुळेच योजनेबाहेर जाऊ शकते. पात्र राहायचे तर कमी कमवावे, असा हा विचित्र सौदा आहे. त्यात परित्यक्तेला आपण टाकली गेल्याचा पुरावाही गोळा करावा लागतो, आणि नवरा कागदोपत्री अजून नवराच असतो.

कर्नाटक सरकारने २०२३ मध्ये जाहीर केलेली ‘कूसिन मने’, म्हणजे तान्ह्यांचे घर, ही पाळणाघरांची योजना संध्याकाळच्या त्या तीन तासांच्या अधिक जवळ जाणारी आहे, परंतु ती ग्रामपंचायतींसाठी आणि मुख्यतः रोजगार हमीवरील स्त्रियांच्या मुलांसाठी आखलेली आहे. सर्जापूर रोडचे शहराकडचे टोक महानगराच्या हद्दीत येते आणि पलीकडची गावे पंचायतींत. रोजगार हमीचे काम सोडून शहरात धुणीभांडी धरण्यासाठी आलेली बाई हद्द ओलांडताच या पाळण्यालाही मुकते.