डब्यातले गोड दूध : स्निग्धांश कमी, साखर नव्हे

रमजानमध्ये शीव कोळीवाड्यात मातीच्या वाट्यांतून फिरनी विकणाऱ्या आमच्या ओळखीच्या एका भाईंनी यंदा गाडीवर पाटी लावली : 'लो फॅट फिरनी'. इफ्तारसाठी फिरनी न्यायला आलेल्या एका चाचांनी विचारले, "बेटा, शुगरवाल्यांना चालेल ना?" भाई "हो" म्हणाले. त्यांच्या मनात खोट नव्हती, पण उत्तर चुकीचे होते. अशी चूक गिऱ्हाइकाच्या तब्येतीवर बेतते आणि मग धंद्यावरही येते.

कंडेन्स्ड मिल्क म्हणजे पाणी आटवून साखर घातलेले दूध. अमेरिकेच्या गेल बॉर्डन यांनी दूध आटवण्याच्या पद्धतीचे पेटंट १८५६ साली घेतले. आपल्याकडे नेसलेचे मिल्कमेड आणि अमूलचे मिठाई मेट घरोघरी ठाऊक आहेत. आपल्या अन्न कायद्याप्रमाणे साध्या गोड कंडेन्स्ड मिल्कमध्ये किमान ८ टक्के स्निग्धांश हवा. 'पार्टली स्किम्ड' प्रकारात तो १ ते ८ टक्क्यांच्या दरम्यान असतो, तर 'स्किम्ड' प्रकारात १ टक्क्याहून जास्त नसतो. कमी होते ती साय, साखर नव्हे. कारण हे दूध साखरेवरच टिकते. चारशे ग्रॅमच्या डब्यात दीडशे ग्रॅमहून अधिक साखर असते.

आता धंद्याचा हिशेब. कमी स्निग्धांशाचे दूध फिरनीला उत्तम, कारण तिला दाटपणा तांदळाच्या कण्यांनी येतो. एक लिटर दुधात ५० ग्रॅम भिजवून भरड वाटलेले तांदूळ पुरते शिजवावेत, मग अर्धा डबा घालून थोडेच ढवळावे. आधी घातल्यास साखर तळाला लागते. वेगळी साखर घालू नये. आटवण्याचा वेळ आणि गॅस वाचतो. शीरखुर्म्यात खारकांचा गोडवा असतोच, म्हणून तिथे हात आखडता ठेवावा. रबडी-बासुंदीला मात्र हे दूध नको. तिथे गिऱ्हाईक सायीचेच पैसे देते. कुल्फीतही स्निग्धांश कमी पडला की बर्फाचे खडे लागतात. उघडलेला डबा तसाच न ठेवता दूध काचेच्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवावे.

खरेदी करताना लेबल पुरते वाचावे. स्वस्तात मिळणाऱ्या काही डब्यांत वनस्पती तेल घातलेले असते; ते कंडेन्स्ड मिल्क नव्हे.

आम्ही कापडवाले. टेरीकॉट दाखवून कॉटन म्हटले तर एका धुण्यात अब्रू जाते. मिठाईचेही तेच. सूरह मुतफ्फिफीनमध्ये माप मारणाऱ्यांना सख्त ताकीद आहे. आमच्या मते मालाचे अर्धे वर्णन सांगणे हेही माप मारणेच आहे.

आम्ही भाईंना एवढेच सुचवले. आता त्यांच्या पाटीवर दुसरी ओळ आहे : 'साय कमी, साखर आहे'. चाचा आता घरच्या मुलांसाठी फिरनी नेतात. स्वतःसाठी खजूरसुद्धा मोजूनच घेतात.